राजाच्या कोरीव चित्रात सत्ता नेमकी कुठे असते?

जिज्ञासू : सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय राजांची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रे सध्या पाहत आहे. रंगांचा झगमगाट नसतानाही त्यांतून राजाचा दरारा जाणवतो. तो चेहऱ्यामुळे की भोवतालच्या चिन्हांमुळे?

ताम्रपट : माझ्या मते मुख्यतः चिन्हांमुळे. क्रिस्पिन दे पास याने १५९६ मध्ये कोरलेले इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथचे चित्र पाहा. हाती राजदंड आणि राजसत्तेचे चिन्ह असलेला गोल घेतलेली राणी दोन स्तंभांच्या मध्ये उभी आहे. एका स्तंभावर स्वतःच्या रक्ताने पिल्ले पोसणारा पेलिकन, दुसऱ्यावर राखेतून उठणारा फिनिक्स, आणि मागे समुद्रात जहाजे. दोन स्तंभ हे पाचव्या चार्ल्सचे, म्हणजे स्पेनच्या राजघराण्याचे मानचिन्ह होते. ज्या स्पेनशी युद्ध चालू आहे त्याचेच चिन्ह राणीच्या दोन्ही बाजूंना उभे करणे, हा मला त्या चित्रातील सर्वांत धीट भाग वाटतो.

कोरणी : चेहऱ्याला इतके गौण ठरवणे मला पटत नाही. रोबेर नांतय या कोरीवकाराने फ्रान्सच्या चौदाव्या लुईला समोर बसवून रेखाटले आणि पुढे त्याची जवळजवळ प्रत्यक्ष आकाराची मस्तके कोरली. तिथे स्तंभ नाहीत, पक्षी नाहीत. लंबगोल चौकट, चिलखत, आणि गालावर बारीक होत जाणाऱ्या रेषा एवढेच आहे. दरबारात कधीच पाऊल न ठेवणाऱ्या माणसालाही ती नजर घरबसल्या भेटत असे. कोरीवकाम ही स्वतंत्र कला असून ती कारागीर-संघांच्या बंधनाखाली येत नाही, असा हुकूम याच लुईने १६६० मध्ये काढला होता.

ताम्रपट : नांतयपुरते तुमचे म्हणणे मान्य आहे. पण प्येर लोंबारचा पत्राही विचारात घ्यावा. चित्रकार व्हॅन डाइकने १६३३ मध्ये रंगवलेल्या, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्या अश्वारूढ चित्रावरून त्याने सुमारे १६५५ मध्ये घोडेस्वार कोरला, पण मस्तक क्रॉमवेलचे बसवले, म्हणजे चार्ल्सच्या वधानंतर सत्तेवर आलेल्याचे. तांब्यावरची रेषा खरवडून, घोटून सपाट करता येते. या पत्र्याचा बिनमस्तकाचा छापही उपलब्ध आहे, आणि पुढे त्याच धडावर चार्ल्सचे मस्तक परत आले. बिनमस्तकाच्या छापात घोडा, चिलखत आणि सेवक जागच्या जागी असून मानेच्या वर फक्त कोरा कागद आहे.

जिज्ञासू : दोघांचेही मनःपूर्वक आभार. आता तो बिनमस्तकाचा छाप आणि नांतयची मस्तके शेजारी ठेवून पाहतो.