गोव्याच्या वाटांवरचं रात्रीचं आकाश: तुमचे अनुभव सांगा

गोव्यात सूर्यास्त टिपायला झुंबड उडते आणि सूर्य पाण्यात गेला की भराभर ट्रायपॉड मिटले जातात. त्यानंतरच्या दोन तासांत जे दिसतं ते फार थोडे लोक पाहतात. ऑक्टोबरच्या मध्यात, अमावस्येच्या आगेमागे, साडेसातला काळोख पुरता दाटला की आकाशगंगेचा गाभा नैर्ऋत्येला क्षितिजापासून तीसेक अंश वर असतो. दहाच्या सुमाराला तो समुद्रात उतरतो. आपला सगळा किनारा पश्चिमेला तोंड करून बसला आहे, त्यामुळे आकाशगंगा दर्यात बुडताना पाहायची सोय घराजवळ आहे. फक्त जागा काळोखी हवी, आणि तशा जागा दरवर्षी कमी होताहेत.

मी फोंड्याचा. गाडी काढून सत्तरी, सांगे, काणकोण फिरतो, दिवसा निसर्गाचे आणि रात्री आकाशाचे फोटो काढतो. तुमच्यापैकी अनेकांना गोव्याचे कोपरे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. कुठे गेलात, महिना कोणता, चंद्र कुठे होता, आणि त्या जागेने तुम्हाला काय शिकवलं, ते लिहा. कॅमेऱ्याची किंमत नाही सांगितली तरी चालेल.

काणकोणहून

आमच्याकडे काळोख अजून बऱ्यापैकी आहे, म्हणून मीच सुरुवात करते. काबो द रामाच्या किल्ल्याबाहेरचा कडा ही माझी आवडती जागा. किल्ला संध्याकाळी बंद होतो, पण अलीकडच्या सड्यावरून, म्हणजे सपाट खडकाळ माळावरून, दक्षिणेकडचा सगळा किनारा नजरेत येतो. एप्रिलमध्ये रात्री दोन-तीनला आकाशगंगा तिथून आग्नेयेपासून दक्षिणेपर्यंत आडवी पसरलेली दिसते. मी २४ मिलिमीटरचं भिंग वापरते, भिंगाचं तोंड एफ २.८, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ ३२००, फोटो वीस सेकंदांचा. वीसच का, तर ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरने भागलं की साधारण तेवढे सेकंद तारे ठिपक्यासारखे राहतात, पुढे त्यांच्या रेघा होतात. छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर मिलिमीटरला आधी दीडने गुणा, मग भागा.

आता मुद्द्याचं. गालजीबाग आणि आगोंद ही कासवांची ठिकाणं आहेत. उत्तरेला मोरजी आणि मांद्रे तशीच. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला वर येतात, आणि नेमके तेच महिने आपल्या फोटोंचेही, कारण आकाश स्वच्छ असतं. वाळूवर बॅटरी फिरताना दिसली की मादी अंडी न घालताच पाण्याकडे वळते. पिल्लं तर घरट्यातून निघाली की जिकडे जास्त उजेड तिकडे धावतात. समुद्राचं क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यावरच त्यांचा भरवसा. किनाऱ्यावर कुणी दिवा लावला तर ती रस्त्याकडे, माडांत, कुत्र्यांच्या तोंडी जातात. म्हणून त्या दिवसांत मी या वाळूवर कॅमेरा नेतच नाही, कड्यावर जाते. फोटोतला पुढचा भाग उजळायला टॉर्च फिरवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, कासवांच्या किनाऱ्यावर ते करू नका. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. आणि कायदा नसता तरीही मी हेच म्हटलं असतं.

बेळगावहून

चोर्ला घाट हा माझा नेहमीचा रस्ता. लोक तो पावसात धबधबे बघायला करतात. माझं म्हणणं, मार्चच्या अमावस्येच्या रात्री करा. एक-दीडला आकाशगंगेचा गाभा उगवतो, पाचपर्यंत छान वर येतो, आणि दक्षिण-आग्नेयेला म्हादईचं आणि पलीकडे भीमगडचं जंगल असल्यामुळे त्या दिशेला शहराचा उजेड जवळजवळ नाही. पश्चिमेकडे वळलात तर साखळी-डिचोली-म्हापशाचा पिवळा पट्टा क्षितिजावर ठाण मांडून असतो. जागा निवडताना पाठीशी कोणतं शहर आणि समोर काय, हे आधी नकाशावर बघा. निम्मं काम तिथेच होतं.

साडेपाचला झुंजुमुंजू व्हायला लागतं, तेव्हा भिंग बदलायचं. थंडीत दरीत धुकं साचलेलं असतं आणि डोंगरांचे माथे तेवढे वर राहतात. दोन फोटो, एकाच ट्रायपॉडवरून, तासाभराच्या अंतराने.

घाटात गाडी वळणावर थांबवू नका. रात्री मालट्रक उतरत असतात, त्यांना तुमची काळी गाडी दिसत नाही.

डिचोलीहून

सड्यांबद्दल थोडं. उन्हाळ्यात रात्री जांभ्याचा सडा तापलेला असतो आणि फुरसं हा विषारी साप त्या दगडांवर येतो. रंग दगडाचाच, लांबी हातभर. पायात घोट्यावरपर्यंतचे बूट, ट्रायपॉड टेकवण्याआधी खाली उजेड टाकून बघणं, आणि बॅग जमिनीवर उघडी न ठेवणं, एवढं पाळा.

त्याच सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात या. आकाश मिळणार नाही, पण सीतेची आसवं ही रानफुलं निळी-जांभळी पसरलेली असतात. पोटावर झोपून काढायचा फोटो आहे तो.

फोंड्याहून, मध्येच

बेळगावकरांच्या नकाशाच्या मुद्द्याला मी भरती जोडतो. आपण काळोखासाठी अमावस्या निवडतो, आणि अमावस्येलाच समुद्राला उधाण असतं. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसाची भरती रात्री उशिरा येते. संध्याकाळी ओहोटीला ओल्या वाळूत ताऱ्यांचं प्रतिबिंब धरायला खडकापलीकडे गेलेला माणूस डोळा भिंगाला लावून दोन तास उभा राहतो, आणि मागची वाट पाण्याखाली जाते. वेळापत्रक बघाच, पण वाड्यावरच्या रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, विचारा. कुठून पाणी आत शिरतं ते तो बोटाने दाखवतो.

पुण्याहून

आम्ही मित्रमंडळी थंडीत गाडीने गोव्यात उतरतो. देशावरून येणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे हवेतलं पाणी. एसी लावलेल्या गाडीतून थंडगार कॅमेरा बाहेर काढला की भिंगावर क्षणात वाफ धरते, आणि पुसली की पुन्हा धरते. घाटाखाली उतरलो की आम्ही एसी बंद करतो आणि काचा उघडतो. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून बाहेरच्या हवेइतका होऊ देतो. पहाटे दव पडतं तेव्हा भिंगाच्या कडेला छोटा हीटर पट्टा बांधतो, पॉवर बँकेवर चालतो.

किनाऱ्यावरून परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुऊन, सुट्टे करून वाळवायचे. भिंगावरचा खार आधी किंचित ओल्या फडक्याने टिपायचा. कोरडं फडकं फिरवलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात.

मडगावहून

पुणेकरांच्या यादीत भर. इथे राहणाऱ्यांना पावसाळ्यात भिंगात बुरशी येण्याची धास्ती. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा भिंग उघडून उजेडात धरणं. चामड्याच्या पाकिटात भिंग ठेवू नका, चामडं ओल धरतं.

सांग्याहून

मी शाळेत शिकवते. एप्रिल-मे महिन्यात मुलांना साळावली धरणाच्या बाजूला आकाश दाखवायला नेतो, पालक बरोबर असतात. मोठ्या मुलांकडे मोबाइल असतो, त्यातल्या काहींत आता रात्रीसाठी सोय आहे. दगडावर टेकवून, टायमर लावून, हात न लावता काढलेला मोबाइलचा फोटोही वृश्चिकाचा आकडा स्पष्ट दाखवतो. मुलांना तो स्वतः काढल्याचा आनंद वेगळाच.

आम्ही गोवेकर ज्या अक्षांशावर आहोत, साडेपंधरा अंश, त्याचा फायदा फार जणांना ठाऊक नाही. मे महिन्याच्या सुरुवातीला रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेला पाहा. क्षितिजापासून जेमतेम चौदा अंशांवर त्रिशंकू, म्हणजे क्रुसाच्या आकाराचा तारकासमूह, उभा असतो. दिल्लीच्या माणसाला तो जवळजवळ क्षितिजालाच टेकलेला, धुळीत हरवलेला. हिवाळ्यात तसाच अगस्त्याचा तारा, व्याधाच्या ताऱ्याखाली, बावीसेक अंशांपर्यंत चढतो. एवढ्या खालचे तारे टिपायचे तर दक्षिणेचं क्षितिज मोकळं हवं. धरणाच्या पाण्यापलीकडे डोंगर आडवे येतात, म्हणून त्रिशंकूसाठी आम्ही उंच माळ शोधतो.

परत येताना रस्त्यावर गवे असतात. काळे, स्तब्ध, आणि डोळे चमकेपर्यंत दिसत नाहीत. गाडी हळू.

चोडणहून, फेरीबोटीच्या पलीकडून

मला ताऱ्यांच्या रेघांचा नाद. परदेशातल्या फोटोंत ध्रुवाभोवती मोठी मोठी वर्तुळं असतात, तशी इथे मिळत नाहीत, कारण आपला ध्रुव फक्त पंधरा अंश वर आहे. पूर्ण फिरून न मावळणाऱ्या ताऱ्यांचं वर्तुळ तेवढंच लहान. पण उत्तरेला तोंड करून खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर उभं राहिलं तर ध्रुव नेमका शेतातल्या साचल्या पाण्याच्या जवळ येतो आणि वर्तुळ वर आकाशात आणि खाली पाण्यात, दोन्हीकडे दिसतं. पणजीचा उजेड पाठीशी पडतो. पूर्वेकडे वळलं की रेघा जवळजवळ सरळ उभ्या चढतात, आणि मला त्याच जास्त आवडतात. बांधावरची मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, तिच्या लाकडी फळ्या आणि मागे उभ्या रेघा, ही चौकट मी दर हिवाळ्यात नव्याने काढतो. तीस-तीस सेकंदांचे भरपूर फोटो लागोपाठ काढून जोडायचे, एकच तासभराचा काढला तर सेन्सर तापतो आणि एखाद्या मोटारसायकलच्या दिव्याने सगळा जातो.

बांध लोकांचा आहे. शेतकऱ्याला विचारूनच पाय ठेवायचा.

केपें तालुक्यातून

आकाशाचा विषय नाही, तरी सांगतो. उसगाळीमळला कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर आदिमानवाने कोरलेले बैल आणि चक्रव्यूह आहेत. दुपारी गेलात तर दगड सपाट दिसतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा, तिरप्या उजेडात प्रत्येक रेष सावली धरते आणि चित्र उभं राहतं. चित्रांवर पाणी ओतू नका, खडू फिरवू नका. बरेच जण फोटो उठावदार यावा म्हणून तसं करतात आणि ते पाहून जीव तुटतो.

वाळपईहून

मेच्या शेवटी, वळवाचा पहिला पाऊस झाला की सत्तरीत काजवे. ढगाळ रात्र चालते, चंद्र नको. वीस-तीस सेकंदांचे फोटो एकाच जागेवरून घेत राहायचं आणि नंतर उजळ ठिपके तेवढे एकावर एक चढवायचे. फ्लॅश अजिबात नाही, गाडीचे दिवेही बंद. ते चमकतात जोडीदारासाठी, आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. अभयारण्यात रात्री प्रवेश नाही, आणि गरजही नाही. गावाच्या कडेला किंदळीच्या झाडांखाली पुरेसे असतात. जूनपासून कुजक्या लाकडावर हिरवट उजेड देणारी अळंबीही दिसते. तिच्यासाठी मिनिटामिनिटाचे फोटो लागतात, आणि डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस मिनिटं.

पेडण्याहून

१२ ऑक्टोबर २०२४ च्या पुढचे दिवस आठवा. सुचिन्शान-अ‍ॅटलास धूमकेतू पश्चिमेला, सूर्यास्तानंतर. पावसाचे ढग होतेच. केरीच्या किनाऱ्यावरून एका फटीत तो ८५ मिलिमीटरच्या भिंगाने मिळाला, शेपटी वर. आमच्या सड्यावर विमानतळ आल्यापासून पूर्वेचं आकाश पांढुरकं झालं आहे. पश्चिम अजून शाबूत आहे, तेवढ्यात काढून घ्या.

पणजीहून

शहरातल्यांनी निराश होऊ नये. जुन्ता हाऊसच्या गच्चीवरच्या सार्वजनिक वेधशाळेत दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली आणि तिथूनच मला आकाश वाचायची गोडी लागली. तारे ओळखता आले की काळोखात चौकट लावणं फार सोपं जातं.

फोंड्याहून

सगळ्यांचे आभार. डिसेंबरात १३-१४ च्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव आहे, रात्री दहानंतर मिथुन चांगलं वर येतं. रुंद भिंग लावून कॅमेरा सलग चालू ठेवायचा. चोर्ल्याच्या माथ्यावर कडाक्याची थंडी असते, कानटोपी घ्या. नेत्रावळीच्या बाजूला त्या रात्री कुणी गेलं असेल तर तिथलं पूर्वेचं क्षितिज किती मोकळं आहे ते मला हवं आहे. आणि मुरगाव-दाबोळीच्या भागात ड्रोन उडवायचा विचार कुणी करू नका, तो नौदलाचा परिसर आहे.