तीन आठवड्यांच्या सुट्टीत पुण्यात इम्प्लांट आणि कॅप: वेळेत बसतं का? की मेक्सिको बरं?

सई_फिनिक्स
मुक्काम फिनिक्स, ॲरिझोना. वय ५२, एच-१बी (नोकरीचा व्हिसा). खालची डावी पहिली दाढ दोन वर्षांपूर्वी काढली, ती जागा रिकामी आहे. वरच्या उजव्या दुसऱ्या दाढेला रूट कॅनाल आणि कॅप सांगितली आहे.

इथला अंदाज: इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू), अबटमेंट (स्क्रू आणि कॅप जोडणारा भाग) आणि कॅप मिळून ५,२०० डॉलर, रूट कॅनाल आणि कॅप २,९०० डॉलर. विमा वर्षाला जास्तीत जास्त १,५०० देतो. पुण्यातला अंदाज अनुक्रमे ४५,००० आणि १८,००० रुपये. डिसेंबरात तीन आठवडे पुण्यात असेन. मेक्सिकोतलं लॉस अल्गोदोनेस, सीमेलगतचं दातांच्या दवाखान्यांचं गाव, इथून गाडीने तीनेक तासांवर आहे, तोही पर्याय डोक्यात आहे.

प्रश्न असे: दोन्ही कामं तीन आठवड्यांत पूर्ण होतील का? क्लिनिकला आधी काय विचारावं? परत आल्यावर काही बिघडलं तर इथला डेंटिस्ट हात लावेल का?

रानजाई
रूट कॅनाल आणि कॅप होईल. इम्प्लांट पूर्ण होणार नाही, आणि कोणी "करून देतो" म्हणालं तर ते नाकारा.

कारण असं. इम्प्लांट बसवल्या दिवशी तो हाडात नुसता आवळून बसलेला असतो, लाकडात स्क्रू बसावा तसा. पुढच्या दिवसांत त्याच्या कडेचं दाबलेलं हाड विरघळतं आणि त्या जागी नवं हाड तयार होऊ लागतं. जुनी पकड सुटत चाललेली आणि नवी अजून कच्ची, असा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. म्हणजे तुमची सुट्टी संपते नेमकी तेव्हा तो सर्वांत नाजूक असतो. त्या वेळी कॅप चढवून दाढेचा जोर टाकला तर इम्प्लांट किंचित हलत राहतो, आणि हलणाऱ्या धातूभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो. मग तो काढावाच लागतो. खालच्या जबड्यात दोन ते तीन महिने, वरच्यात चार ते सहा महिने थांबणं हा साधा हिशोब. समोरच्या दातांना कधी कधी लगेच तात्पुरती कॅप देतात, चावा लागणार नाही अशी, पण दाढेला त्याची गरजच नाही.

दुसरं, दाढ काढून दोन वर्षं झाली म्हणजे तिथलं हाड रुंदीला आक्रसलेलं असणार. इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंना निदान दीड मिलिमीटर हाड लागतं, म्हणजे ४.५ मिमीच्या इम्प्लांटला साडेसात मिमी रुंदी. खाली मज्जातंतूची नळी असते, तिच्यापासून २ मिमी अंतर ठेवतात. हे साध्या एक्स-रेवर कळत नाही, सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन लागतो. तो फिनिक्समध्येच करून घ्या आणि डायकॉम (स्कॅनची मूळ) फाइल मागा. पीडीएफवर किंवा फोटोवर क्लिनिकला मापं घेता येत नाहीत. हाड कमी निघालं आणि वेगळं बोन ग्राफ्टिंग (हाडाची भर घालणं) करावं लागलं, तर आणखी चार-सहा महिने धरा. तिकीट काढण्याआधी हे कळलेलं बरं.

कोकणकडा
रानजाईंशी सहमत. पुण्यातल्या कामाचा क्रम असा लावा.

पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच रूट कॅनाल सुरू करा. वरच्या दुसऱ्या दाढेत गालाकडच्या पुढच्या मुळात बऱ्याचदा दुसरी, केसासारखी नळी असते. ती सुटली की दाढ महिनोन् महिने ठसठसत राहते. म्हणून एंडोडोंटिक्समध्ये (रूट कॅनालच्या शाखेत) एमडीएस असलेली व्यक्ती बघा. मायक्रोस्कोप आहे का आणि रबर डॅम लावतात का, हे फोनवरच विचारा. रबर डॅम म्हणजे दाढेभोवती ताणून लावलेला रबरी पडदा, त्यामुळे लाळ आत जात नाही. त्याची "गरज नसते" असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा.

दोन बैठकांत रूट कॅनाल, मग बिल्डअप (पोकळ झालेली दाढ भरून उभी करणं), दाढ घासून माप, लॅबला पाच ते सात दिवस. डिसेंबरात परदेशातून आलेल्यांची गर्दी असते, त्यामुळे लॅबची तारीख आधीच ठरवून घ्या. कॅप निदान परतीच्या आठवडाभर आधी बसली पाहिजे. कारण भूल असताना चावा नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशी भुलीशिवाय रंगीत कागद चावून तपासून घ्या. कॅपवर एकच गडद ठिपका उमटला आणि शेजारच्या दातांवर काहीच नाही, तर ती उंच आहे, लगेच घासून घ्या. उंच कॅप घेऊन विमानात बसलं की दोन आठवड्यांत दाढ दुखायला लागते आणि इथे ते घासायलाही तपासणीचे पैसे पडतात.

निरा_काठ
लॉस अल्गोदोनेसबद्दल. आय-८ महामार्गावरून रस्ता १८६ ने अँड्राडेच्या सीमानाक्याला जायचं, गाडी अमेरिकेच्या बाजूला क्वेचान या मूळ रहिवासी जमातीच्या पार्किंगमध्ये लावायची आणि चालत पलीकडे. दवाखाने पाच-दहा मिनिटांच्या अंतरात. हिवाळ्यात अमेरिकन पेन्शनरांची गर्दी असते, दुपारी परतीची रांग लांबते, म्हणून सकाळची वेळ घ्या. आणि हिवाळ्यात तिथलं घड्याळ फिनिक्सच्या एक तास मागे असतं.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. एच-१बीचं स्टँपिंग (पासपोर्टवरचा व्हिसा) संपलं असेल तर ही सवलत नाही. आय-७९७ (एच-१बी मंजुरीचं पत्र) आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद) यांची प्रत सोबत ठेवा. स्टँपिंग संपलेलं असताना पुण्याला गेलात तर अमेरिकन वकिलातीकडून नवा व्हिसा मिळाल्याशिवाय परतता येणार नाही, ते दातांच्या आधी बघा.

माझं मत: इम्प्लांट अल्गोदोनेसला. टाके काढणं, तीन महिन्यांनी माप, पुन्हा कॅप अशा तीन-चार फेऱ्या होतात आणि त्या गाडीने जमतात. पुण्याला जास्तीची एक फेरी म्हणजे वाचवलेले पैसे विमानात गेले.

सई_फिनिक्स
स्टँपिंग चालू आहे. म्हणजे रूट कॅनाल पुण्यात, इम्प्लांट अल्गोदोनेसला, हे पटलं. कागदपत्रं कोणती मागू?

रानजाई
सर्वांत महत्त्वाचं, इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर. त्यावर ब्रँड, रेफरन्स नंबर, लॉट नंबर, व्यास आणि लांबी असते. ते तुमच्या कार्डावर चिकटवून घ्या आणि तिथेच फोटो काढा. प्रत्येक ब्रँडचा स्क्रू वेगळा: ऑसस्टेमला १.२ मिमीचा षट्कोनी ड्रायव्हर, स्ट्रॉमनला त्यांचा स्वतःचा, एससीएस नावाचा. उद्या स्क्रू सैल झाला आणि ब्रँडच माहीत नसेल तर फिनिक्सचा डेंटिस्ट हात लावणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. अमेरिकेत ज्याचे सुटे भाग मिळतात असाच ब्रँड लेखी ठरवून घ्या.

कॅप सिमेंटने नको, स्क्रूने बसवलेली मागा. सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तिथे पू धरतो आणि हाड झिजतं. स्क्रूची कॅप वरचं छिद्र उघडून काढता येते, धुऊन परत बसवता येते. स्क्रू किती न्यूटन सेंटिमीटरला (आवळण्याच्या जोराचं माप) आवळला तेही लिहून घ्या, ब्रँडप्रमाणे साधारण २५ ते ३५ असतं.

कोकणकडा
विम्यासाठी दोन गोष्टी. पॉलिसीत "मिसिंग टूथ" कलम आहे का बघा. असेल तर पॉलिसी सुरू होण्याआधी गेलेल्या दाढेचे पैसे देत नाहीत. आणि दोन्हीकडची बिलं कामवार, तारखेसह, इंग्रजीत आणि अमेरिकन कोडसह मागा: इम्प्लांट डी ६०१०, दाढेचं रूट कॅनाल डी ३३३०, सिरॅमिक कॅप डी २७४०. एचएसए (उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं) असेल तर परदेशातल्या कायदेशीर उपचारालाही ते पैसे वापरता येतात.

मधुमेह असेल तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची चाचणी) आधी करा. हाडं ठिसूळ होण्यावर ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, किंवा पूर्वी घेतलं असेल, तर पहिल्याच फोनवर सांगा. जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो.

निरा_काठ
एक राहिलं. खालच्या दाढेची भूल चारेक तासांत उतरते. ऑपरेशननंतर त्या रात्री सीमेजवळच्या युमालाच (अमेरिकेच्या बाजूचं शहर) राहा. सकाळी खालचा ओठ किंवा हनुवटी अजून बधिर असेल तर फिनिक्सकडे निघू नका, त्याच क्लिनिकला परत जाऊन सीबीसीटी करून घ्या. इम्प्लांट मज्जातंतूवर दाबत असेल तर पहिल्या दिवसा-दीड दिवसात तो वर घेतला किंवा काढला तरच संवेदना परत येण्याची चांगली शक्यता असते. क्लिनिकचा रात्री उचलला जाणारा फोन नंबर आधीच घेऊन ठेवा.