स्टार्टर उतरवायच्या आधी मीटर लावा

भाऊ, गाडी सुरू होत नाही, चावी फिरवली की टकटकटक आवाज येतो आणि दिवे मंद होतात म्हणता, आणि वरच्या उत्तरात एकानं थेट स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवायला सांगितलं. थांबा जी! भराभर टकटक म्हणजे बहुतेक वेळा करंट पुरत नाही. स्टार्टर गेला असता तर बहुधा एकच जाड ‘टक्क’ झालं असतं आणि दिवे तसेच लख्ख राहिले असते.

विहिरीवरच्या मोटरीसाठी मल्टिमीटर घरात असेलच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. पण तेवढ्यावर विसंबू नका. कुणाला तरी चावी मारायला लावा आणि आकडा बघत राहा. चार्ज असूनही ९.६ व्होल्टच्या बरंच खाली गेला तर बॅटरी आतून संपली समजा. आपल्याकडे ती मे महिन्याच्या ४५ अंशांत खलास होते अन् डिसेंबरात उघडी पडते. शिव्या मात्र थंडीला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुवा. बॅटरीच्या वायरी काढताना निगेटिव्ह पहिले, लावताना शेवटी. बॉडीला जाणारी अर्थची वायरही घासून घट्ट करा.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसत नसेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग, मेकॅनिकला दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

आणि सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावता ना? उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही टॉर्च मारून बघून घ्या.