पोत, घाट, ठेवण, लकब : जुन्या ऑनलाइन गेमच्या नव्या रूपासाठी शब्द

प्रश्न, कोथरूडहून

एका दिवाळी अंकासाठी जुन्या ऑनलाइन फॅन्टसी गेमांवर लेख लिहिते आहे. वर्षानुवर्षं चालू असलेल्या या गेमांची चित्रं आता जुनी दिसतात, म्हणून कंपन्या ती नव्याने करून घेतात. चेहरे, अंगकाठी, कपडे, सगळंच. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ चा. त्यातल्या जुन्या वंशांची कॅरेक्टरं २०१४ मध्ये 'वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर' या विस्ताराबरोबर, म्हणजे गेमला जोडलेल्या नव्या भागाबरोबर, नव्याने घडवली गेली. 'फायनल फॅन्टसी फोर्टीन'चं आजचं रूप २०१३ चं. त्याच्या चित्रांवर २०२४ मध्ये हात फिरवला. दोन्ही वेळी खेळाडूंमध्ये वाद झाले. तो वाद मला मराठीत मांडायचा आहे.

'ग्राफिक्स अपडेट केले' एवढं लिहिलं तर काय केलं ते समजतं, पण लोक का दुखावले ते समजत नाही. 'आलेखी अद्यतनीकरण' असलं काही मला नको आहे. माझ्या खर्ड्यात सध्या 'कात टाकली', 'कायापालट', 'नवा अवतार' आणि 'जीर्णोद्धार' असे चार शब्द आलटून पालटून आले आहेत आणि चारही कुठेतरी खटकतात. पुण्यात या क्षेत्रात काम करणारे आणि भाषेत मुरलेले असे दोन्ही लोक इथे आहेत, म्हणून विचारते.

नारायण पेठेतून

ताई, शब्द खटकतात कारण चौघांचे अर्थ वेगळे आहेत आणि आपण ते एकाच कामाला जुंपतो.

साप कात टाकतो तेव्हा आतला साप तोच राहतो, जातं ते वरचं कातडं. म्हणून 'कात टाकली' हे फक्त वरवरचं रूप ताजं झालं असेल तरच खरं. 'कायापालट' याच्या उलट. तिथे कायाच बदलते. स्टेशनचा कायापालट झाला असं लिहिताना त्यातली काया आपण विसरलेलो असतो. पण तुमच्या विषयात शरीर हेच बदलाचं ठिकाण आहे, त्यामुळे शब्द पुन्हा मूळ अर्थाने वाचला जाईल. खांदे, जबडा, उंची खरोखर बदलली असेल तर जरूर वापरा.

'नवा अवतार' टाळा. ज्याला आपण कॅरेक्टर म्हणतो त्यालाच जगभर 'अवतार' म्हणतात. १९८५ च्या 'अल्टिमा फोर' या गेममध्ये तर नायकाचं बिरुदच ते होतं. म्हणजे 'अवताराचा नवा अवतार' असं काहीतरी होऊन बसेल. शिवाय बोलण्यात 'काय हा अवतार!' म्हणजे विस्कटलेले केस आणि चुरगळलेला शर्ट.

'जीर्णोद्धारा'बद्दल माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. जीर्ण म्हणजे वापराने, ऊनपावसाने झिजलेलं. देऊळ जीर्ण होतं, विहीर होते. गेममधला चेहरा झिजतो का? हे मला माहिती नसलेलं क्षेत्र आहे, म्हणून जाणकाराने सांगावं.

जाता जाता, 'अपडेट'साठी पुष्कळजण लिहितात तो शब्द 'अद्यावत' नव्हे, 'अद्ययावत'. अद्य अधिक यावत्, आजपर्यंतचं. सॉफ्टवेअर अद्ययावत करतात, पत्त्यांची यादी अद्ययावत करतात. 'चेहरा अद्ययावत केला' असं मराठी माणूस म्हणणार नाही.

खराडीहून

काका, झिजत नाही. मी थ्रीडी मॉडेलिंग करतो, म्हणून खात्रीने सांगतो. २००४ ची फाइल आज उघडली तर तिच्यातला एक बिंदूही हललेला नसतो. बदललेला असतो पडदा. तेव्हा जे छोट्या, ठोकळ्या मॉनिटरवर बघायचं होतं ते आता चौपट बारकाईने दिसतं. आणि शेजारी नंतरच्या विस्तारांतले नवे प्राणी, नवी गावं उभी असतात, ती नव्या पद्धतीने केलेली. त्यांच्या बाजूला जुनं माणूस उभं राहिलं की ते जुनं दिसतं. त्यामुळे 'जीर्ण' चूकच. 'जुनाट दिसू लागलं' हे बरोबर, कारण त्यात 'दिसू लागलं' आहे.

आता काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे शब्द शोधायला आधार मिळेल.

तेव्हाचे संगणक आणि ग्राफिक्स कार्डं बेताची होती आणि एका चौकात चाळीस-पन्नास खेळाडू एकदम उभे राहायचे. म्हणून प्रत्येकाचं शरीर फार थोड्या पॉलिगॉनांत, म्हणजे सपाट तुकड्यांत, बसवावं लागे. बोटं वेगळी नसत, हात हातमोज्यासारखा. नाक म्हणजे जेमतेम एक उंचवटा. मग नाकाखालची सावली, भुवईची आठी, गालाचं हाड हे सगळं टेक्स्चरवर, म्हणजे त्या तुकड्यांवर चढवलेल्या चित्रावर, हाताने रंगवलेलं असे. 'वॉरक्राफ्ट'चं जुनं रूप बहुतांशी अशा हाताने रंगवलेल्या कामावर उभं आहे आणि ते काम अतिशय कुशल आहे. आजही नव्या मुलांना मी ते बघायला सांगतो, कारण थोडक्या जागेत इतका भाव आणणं अवघड असतं.

नवं मॉडेल करताना त्या रंगवलेल्या गोष्टी खऱ्या आकारात उतरवाव्या लागतात. इथेच गोची होते. समजा जुन्या चेहऱ्यावर भुवईखाली गडद रंगाची एक पट्टी आहे. लांबून तो माणूस रागीट, करारी दिसतो. आता खरी भुवई, खरी खोबण केली आणि रंगातली सावली काढून टाकली, कारण ठेवली तर खऱ्या उजेडातली सावली आणि रंगवलेली सावली एकमेकींवर पडून चेहरा मळका दिसतो. पण आता सावली उजेडाप्रमाणे पडते. समोरून उजेड आला की आठी गायब. तोच माणूस एकदम गरीब स्वभावाचा दिसायला लागतो. कलाकाराने काही बिघडवलेलं नसतं, उलट शरीरशास्त्राप्रमाणे सगळं नीट केलेलं असतं. तरी दहा वर्षं तो चेहरा बघणारा म्हणतो, हा माझा नाही.

दुसरी गोष्ट कपड्यांची. 'वॉरक्राफ्ट'मध्ये छातीचं, पायांचं चिलखत बरंचसं शरीराच्या टेक्स्चरवरच रंगवलेलं आहे. तिथे दहा वर्षांत जमलेले हजारो कपडे नव्या शरीरावर बसलेच पाहिजेत. म्हणून नवं शरीर जुन्याच मापांवर उभं करावं लागतं. स्टुडिओत आम्ही म्हणतो, 'सिल्हूट हलवू नको, आतलं कर.' सिल्हूट म्हणजे बाहेरून दिसणारी कड. त्याला नेमका मराठी शब्द माझ्याकडे नाही, पण तुमचा शब्द तिथेच कुठेतरी आहे असं वाटतं.

नारायण पेठेतून

शब्द आहेत, आणि आपल्या पुण्यातच कानावर पडणारे आहेत. कसब्यातल्या तांबट आळीत भांडं बघताना गिऱ्हाईक दोन गोष्टी वेगळ्या बोलतं. भांड्याचा *घाट*, म्हणजे पोट किती फुगीर, गळा किती आत, काठ कसा वळलेला. आणि वरचं मठारकाम, म्हणजे ठोक्यांनी उठवलेली चकाकी. घाट तोच ठेवून मठार बारीक करता येतं. तुमच्या स्टुडिओतलं 'सिल्हूट हलवू नको' म्हणजे 'घाट मोडू नको'. दागिन्यांतही 'जुन्या घाटाची पाटली' म्हणतातच.

वरच्या पृष्ठभागाला *पोत*. साडीचा पोत, जमिनीचा पोत, त्वचेचा पोत. टेक्स्चरला याहून नेमका शब्द मला ठाऊक नाही आणि तो घराघरात वापरात आहे. लिंग मात्र सांभाळा. 'तो पोत' म्हणजे कापडाचा किंवा देवीपुढे नाचवतात तो. 'ती पोत' म्हणजे गळ्यातली मण्यांची.

घाट वस्तूचा. माणसाच्या चेहऱ्याला घाट म्हणत नाहीत, तिथे *ठेवण* म्हणतात. शरीराला *बांधा*. 'चेहऱ्याची ठेवण आजीवर गेली आहे' या वाक्यात रंग, कांती, वय काहीच येत नाही. नाक, कपाळ, हनुवटी एकमेकांशी कशी बसली आहेत तेवढंच येतं. नात सात वर्षांची आणि आजी सत्तर वर्षांची असली तरी ठेवण एक असू शकते. खराडीच्या आमच्या मित्राने सांगितलेला रागीट माणूस ओळखू येईनासा झाला तो यामुळेच. नाकाची जागा तीच होती, पण सावलीने जी ठेवण भासवली होती ती उजेडाबरोबर हलायला लागली.

तेव्हा ताई, 'ग्राफिक्स अपडेट' या एका गठ्ठ्याचे तुकडे करा. पोत सुधारला, की बांधा बदलला, की ठेवण बदलली? वाद कुठे झाला ते त्यातून आपोआप दिसेल.

सिंहगड रस्त्यावरून

मी खेळणारी आहे, त्यामुळे एक शब्द माझ्याकडून: *लकब*. खेळताना आपलं कॅरेक्टर आपल्याला बहुतेक वेळ पाठमोरं दिसतं. चेहरा क्वचित. ओळख पटते ती पळण्यावरून, उडी मारण्याच्या ढबीवरून, नुसतं उभं असताना मान वळवण्यावरून. २०१४ मध्ये नवी मॉडेलं आली तेव्हा हाडांचा आतला सांगाडाही नवा झाला, हालचाली पुन्हा केल्या गेल्या, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांना चेहऱ्यापेक्षा ते जास्त लागलं. 'चालच आपली वाटत नाही' असं म्हणायचे. जुनी मॉडेलं दाखवण्याची सोय तेव्हा सेटिंगमध्ये ठेवली होती म्हणून बरं. 'एव्हरक्वेस्ट' या गेमनेही डिसेंबर २००१ मध्ये 'शॅडोज ऑफ लुक्लिन' या विस्ताराबरोबर नवी कॅरेक्टरं आणली तेव्हा जुनी ठेवण्याची मुभा दिली होती. मला ही रीत फार योग्य वाटते. रूप ज्याने वापरायचं त्याला विचारायला हवंच.

बदल हवाच असतो असंही घडतं. 'वॉरक्राफ्ट'मधल्या ऑर्क वंशाच्या पुरुषांना पहिल्यापासून पोक. २०१८ मध्ये त्यांना ताठ उभं राहण्याचा पर्याय मिळाला, कित्येकांनी तो आनंदाने घेतला. बांधा बदलला, पण ज्याने निवडला त्याच्यापुरता.

'फायनल फॅन्टसी'चं उदाहरण लेखात सविस्तर घ्या. एप्रिल २०२४ मध्ये 'डॉनट्रेल' विस्ताराचा बेंचमार्क निघाला, म्हणजे आपल्या संगणकावर नवं रूप कसं दिसेल ते आधी पाहता यावं म्हणून. लोकांनी आपापली कॅरेक्टरं त्यात उघडली आणि तक्रारी सुरू झाल्या. डोळे निर्जीव वाटतात, बुबुळातली चमक गेली. दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी ते ऐकून घेतलं, कॅरेक्टर घडवायच्या पडद्यावरची प्रकाशयोजना सुधारली आणि मे महिन्यात नवा बेंचमार्क दिला. जुलैत विस्तार आला तेव्हा रूप पुन्हा घडवता यावं म्हणून खेळाडूंना 'फँटेशिया'ची एक कुपीही फुकट मिळाली. बुबुळातला पांढरा ठिपका किती बारीक गोष्ट! पण तो नसला की समोरचं माणूस आपल्याकडे बघत नाही असं वाटतं. काका, त्या ठिपक्याला काय म्हणायचं? पोत की ठेवण?

नारायण पेठेतून

दोन्ही नाही. आपल्याकडे 'डोळ्यांतलं *पाणी*' म्हणतात, रडण्याचं नव्हे, मोत्याचं पाणी म्हणतात त्या अर्थाने. 'तेज'ही चालेल. 'डोळ्यांतलं तेज गेलं' हे वाक्य कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

चिंचवडहून

मला वाटतं तुम्ही सगळे 'पुनर्विकास' विसरताय. आमच्या भागात तो शब्द रोजचा आहे. जुनी इमारत पाडून त्याच जागी नवी. 'वॉरक्राफ्ट'च्या 'कॅटॅक्लिझम' या विस्ताराने डिसेंबर २०१० मध्ये जुन्या जगाचा भूगोलच फिरवला, गावं उद्ध्वस्त केली, नव्याने वसवली. तो पोत नाही, घाट नाही. जुन्या जागी परत जायची सोयच राहिली नाही, आणि अखेर २०१९ मध्ये 'क्लासिक' काढून जुनं जग वेगळं द्यावं लागलं. 'रूनस्केप' या गेममध्येही तेच. २००७ च्या जतन केलेल्या प्रतीवरून, खेळाडूंचं मत घेऊन, फेब्रुवारी २०१३ मध्ये 'ओल्ड स्कूल' उभा केला.

खराडीहून

पुनर्विकास जगासाठी पटतो, कॅरेक्टरसाठी नाही. पण 'ओल्ड स्कूल'चा पुढचा भाग या चर्चेला जास्त लागू आहे. तिथे एका चाहत्याने स्वतःच्या हौसेने असं प्लगइन, म्हणजे गेमला जोडायची छोटी पुरवणी, केलं होतं की आकार सगळे जुनेच, फक्त उजेड, सावल्या, पाणी, जमिनीचा पोत नवा. सप्टेंबर २०२१ मध्ये ते बाहेर यायच्या बेतात असताना कंपनीने थांबवायला सांगितलं. खेळाडू इतके चिडले की थोड्याच दिवसांत परवानगी द्यावी लागली. म्हणजे जुन्याच्या प्रेमाने परत आलेले हेच लोक नव्या पोतासाठी भांडले. त्यांना नवं नको होतं असं नाही. घाट तोच हवा होता.

कोथरूडहून

सगळ्यांचे मनापासून आभार. खर्डा बदलला. मधला परिच्छेद आता असा आहे:

'२०१४ मध्ये कॅरेक्टरांचा पोत सुधारला आणि त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. तक्रार होती ठेवणीबद्दल आणि लकबींबद्दल. कलाकारांनी बांधा जुन्या मापाचाच ठेवला होता, कारण जुनी चिलखतं त्यावर बसायला हवी होती. पण जो करारीपणा पूर्वी रंगातून आणला होता तो खऱ्या उजेडात टिकला नाही.'

'कायापालट' फक्त 'कॅटॅक्लिझम'च्या भागात ठेवला आहे, 'जीर्णोद्धार' काढला. एक शंका राहिली. 'मॉडेल्स', 'कॅरेक्टर्स' लिहू की 'मॉडेलं', 'कॅरेक्टरं'? संपादकांना पहिलं हवं आहे.

नारायण पेठेतून

'मॉडेलं', 'कॅरेक्टरं'. शब्द आपल्याकडे राहायला आला की अनेकवचन आपलं लावायचं. टेबलं, बटणं, पुस्तकं यांच्या रांगेत ती सहज बसतात. आणि विभक्ती लावतानाही 'कॅरेक्टर्सचे' पेक्षा 'कॅरेक्टरांचे' जिभेवर सोपं. दिवाळी अंकाची भाषा औपचारिक असेल तर 'मॉडेले' करा, पण संपूर्ण लेखात एकच. आणि परिच्छेदातलं 'लकबींबद्दल' बरोबर आहे, लकब स्त्रीलिंगी, अनेकवचन लकबी. ठेवणही स्त्रीलिंगी, म्हणून पुढे कुठे 'चेहऱ्याचा ठेवण' पडलं असेल तर तेवढं बघून घ्या.