चकचकीत रूळ घासायचा तरी कशाला?

फिशप्लेट: रूळ चांगला दिसतो तेव्हाच घासून घ्यावा, असं माझं मत. तडे दिसल्यावर ग्राइंडिंगचं यंत्र आणणं म्हणजे वरातीमागून घोडं. चाक रुळावर टेकतं ती जागा जेमतेम नाण्याएवढी, आणि तिच्यावर टनावारी भार. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला केसासारखे तडे पडतात. आधी ते तिरके, उथळ सरकतात. मग एखादा खाली वळतो. खेपेला ०.१-०.२ मिमी घासलं की तडा रुजायच्या आत निघून जातो. इंग्लंडात हॅटफील्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी असाच तडकलेला रूळ फुटला. तीनशेवर तुकडे, चार माणसं गेली.

हिशेबनीस: हॅटफील्ड इथे लागू नाही. तिथले तडे ठाऊक होते, बदली रूळही शेजारी आणून टाकला होता. बसवला नाही, एवढंच! आणि रुळाचा माथा दरवेळी थोडा थोडा खाल्लात तर शेवटी उरणार काय? अल्ट्रासोनिक तपासणी आहे की, ध्वनिलहरी सोडून आतला तडा शोधणारी. दोष सापडेल तिथेच हात घाला.

फिशप्लेट: सापडला तर ना. वर उथळ तड्यांची जाळी असली की ध्वनिलहर तिथेच अडते, खालचा खोल तडा सावलीत राहतो. म्हणजे तपासणीवर भिस्त ठेवायची तरी माथा साफ हवा.

रात्रपाळी: ब्लॉकमध्ये, म्हणजे कामासाठी गाड्या थांबवतात त्या वेळात, रुळावर उभं राहून बघितलेलं सांगतो. वळणावर वंगण दिलं की झीज कमी होते, सगळे खूश. पण पूर्वी चाकंच घासून जे तडे पुसून टाकायची, ते आता तसेच राहतात आणि वाढतात. झीज वाचवली, तडे पोसले. तेव्हा चाकाने नाही तर यंत्राच्या घासायच्या दगडाने, थोडी झीज करावीच लागते. मात्र घाईत दगड दाबला तर रूळ निळा पडतो. तो करपलेला थर कडक आणि ठिसूळ, नवा तडा तिथूनच निघू शकतो. (ठिणग्यांनी कडेचं वाळलेलं गवत पेटतं, ते वेगळंच.)

हिशेबनीस: वंगणाचं मी धरलं नव्हतं, मान्य. पण मग सरळ मार्गाला आणि तीव्र वळणाला एकच पाळी कशाला? वर्षाचं वेळापत्रक लावून सगळीकडे यंत्र फिरवणं ही उधळपट्टीच.

फिशप्लेट: वर्षाचं कोण म्हणालं? किती टन वाहतूक गेली त्यावर पाळी ठरवायची, वळणावर लवकर, सरळ मार्गावर उशिरा.

रात्रपाळी: ठरवा हो. पाळी येते तेव्हा ब्लॉक मिळत नाही, अडचण तिथे आहे. काम पुढे जातं, तडे खोल जातात. एका खेपेत झालं असतं तिथे चार-पाच खेपा लागतात, म्हणजे ब्लॉक आणखी मोठा हवा. छोटा मिळाला नव्हता, तिथे मोठा कोण देतो?