मदत हवी आहे : आईच्या पोटरीवरची जखम खरंच कोळ्याची असेल का?

नमस्कार मंडळी. गावाकडे आईच्या पोटरीवर आधी लाल फोड आला, मग तो फुटून खोल जखम झाली. मधोमध काळी खपली आहे आणि कडेची कातडी सडल्यासारखी दिसते. शेजारच्या काकू आणि गावातले डॉक्टर दोघेही म्हणतात, "कोळी चावला." पण कोळी कोणीच पाहिलेला नाही. आईला मधुमेह आहे, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

मी जमेल तेवढं वाचलं. कातडी सडवणारं विष प्रामुख्याने लॉक्सोसेलिस जातीच्या कोळ्यांत असतं. त्यातला ब्राऊन रेक्लूस अमेरिकेतला. तिथेच कॅन्ससमधल्या एका घरात 2001 साली सहा महिन्यांत असे 2055 कोळी पकडले गेले, तरी त्या कुटुंबात एकालाही चावा नाही! तिकडेसुद्धा 'कोळ्याचा चावा' म्हटलेल्या बऱ्याच जखमा पुढे जिवाणूंच्या संसर्गाच्या निघतात. काळी खपली स्क्रब टायफसमध्येही (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा तापाचा आजार) येते, आणि तो तर आपल्या विदर्भात आढळतो. (आईला ताप नाही.) मधुमेहात साधी जखमही चिघळते, ते वेगळंच.

म्हणून कोळ्यावर ठपका ठेवून खरं कारण राहून जाईल, ही माझी भीती आहे. उद्याच तिला शहरात नेतोय. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवू की सर्जनना? पूचं कल्चर (जखमेत कोणते जिवाणू आहेत ते पाहणारी तपासणी) करून घ्या असं आपण होऊन सांगावं का? आणि प्रत्यक्ष चावताना कोळी पकडला आणि नंतर अशी जखम झाली, असं तुमच्यापैकी कोणी पाहिलंय का? ऐकीव नको, पाहिलेलंच सांगा. डॉक्टर मंडळींनी कृपया आज रात्रीच उत्तर द्यावं.