भावंडाला त्याच वर्गात पुन्हा बसवावे का? आपले अनुभव लिहा

मोरपीस

गेल्या रविवारी धाकट्या भावाचा फोन आला. त्याची मुलगी पाचवीत आहे. वार्षिक परीक्षेत तिचे दोन विषय राहिले, फेरपरीक्षेतही ते सुटले नाहीत आणि आता शाळेने त्याला भेटायला बोलावले आहे. "ताई, तिला पुन्हा पाचवीतच बसवू का?" असे त्याने विचारले आणि मी उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच तो अगदी सहज स्वरात म्हणाला, "माझ्या वेळी तू किती वेळात ठरवलं होतंस गं?"

मी वीस मिनिटांत ठरवले होते. ही 26 वर्षांपूर्वीची गोष्ट. तो सातवीत होता, मी नुकतीच पदवीधर झाले होते, वडील त्या वर्षी अंथरुणाला खिळलेले होते आणि आईने "तू शिकलेली आहेस, तूच जाऊन काय ते बोल" असे सांगून मला शाळेत पाठवले होते. गणित, इंग्रजी आणि विज्ञान या तीन विषयांत तो नापास झाला होता. मुख्याध्यापकांनी दोन वाटा पुढे ठेवल्या: हमीपत्र लिहून देऊन त्याला आठवीत ढकलायचे, किंवा सातवीतच ठेवायचे. "पाया कच्चा राहील," एवढे ते म्हणाले आणि पुढचे सगळे मीच बोलले. तो बाहेर व्हरांड्यात उभा होता. दार उघडेच होते. त्याला आत बोलवावे असे आम्हा दोघांपैकी कोणालाही सुचले नाही.

पुढच्या वर्षी तो चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला, त्यामुळे निर्णय बरोबर होता असे आमच्या घरात कायम बोलले गेले आणि मीही तेच म्हणत आले. रविवारपासून मात्र ते व्हरांड्याचे दार डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्यापैकी कोणावर भाऊ किंवा बहीण म्हणून अशी वेळ आली असेल, किंवा कोणाच्या बाबतीत असा निर्णय झाला असेल, तर कोणी ठरवले, कशावरून ठरवले आणि पुढे काय झाले ते कृपया लिहावे.

शाईचा डाग

आमच्याकडे नेमके उलट घडले. मी सहावीत गणितात नापास झालो तेव्हा थोरल्या बहिणीने रडून, भांडून, वडिलांना शाळेत पाठवून मला सातवीत घालायला लावले, कारण माझे मित्र पुढे जातील आणि मी एकटा पडेन याची तिला भीती वाटत होती. तिचे प्रेम मी आजही विसरलो नाही. पण वर्ष वाचले तरी अपूर्णांक राहिले ते राहिलेच. छेद समान करणे मला समजले नव्हते, त्यामुळे गुणोत्तर समजले नाही, शेकडेवारी समजली नाही आणि बीजगणितात जेव्हा अक्षरांचे अपूर्णांक आले तेव्हा फळ्यावर काय चालले आहे याचा अंदाजही येईनासा झाला. दोन वर्षे मी शेजारच्या मुलाची वही उतरवून काढली. शेवटी नववीत एका शिक्षकांनी मला चौथीचे पुस्तक हातात देऊन तीन महिने रोज अर्धा तास शिकवले आणि गाडी रुळावर आली. म्हणजे गरज तीन महिन्यांची होती. अख्खे वर्ष थांबण्याची नव्हती आणि नुसते पुढे जाण्याचीही नव्हती. हे सहावीत कोणाच्याही लक्षात आले नाही.

कोपऱ्यातला बाक

मी आठवीत दोनदा बसलो आहे, त्यामुळे आतल्या बाजूने लिहितो. पहिले तीन-चार महिने मजेचे असतात. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असते. नवी मुले तुम्हाला हुशार समजू लागतात आणि तुम्हालाही तसेच वाटू लागते. सहामाही परीक्षेत माझे गुण एवढे चांगले आले की घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि शिकवणी बंद केली. त्यानंतर नेमके ते धडे सुरू झाले जे मला पहिल्या वर्षीही समजले नव्हते. वार्षिक परीक्षेत मी जेमतेम उत्तीर्ण झालो. ज्यांच्या घरी सध्या असे भावंड आहे त्यांनी पहिल्या सहामाहीच्या गुणांवर अजिबात विसंबू नये, एवढेच मी सांगेन.

उनाड मांजर

आमच्या दादाने एकाच वर्गात दोन वर्षे काढली आणि तो आजही ठामपणे सांगतो की आपण त्या वर्गाचा सखोल अभ्यास केला आहे. विनोद पुरे, पण हा विनोद करायला त्याला वीस वर्षे लागली, हेही खरे आहे.

धाकटी पाती

मोरपीस, तुमचे लिखाण वाचून मला लिहावेसे वाटले, कारण माझी बाजू सहसा कोणी विचारात घेत नाही. माझा भाऊ माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा. तो सातवीत नापास झाला आणि त्याला तिथेच ठेवायचे ठरले, त्याच वर्षी मी सहावीतून सातवीत गेले. शाळेत एकच तुकडी होती. जूनच्या पहिल्या दिवशी हजेरी घेताना आमचे एकच आडनाव लागोपाठ दोनदा पुकारले गेले आणि संपूर्ण वर्गाने मागे वळून पाहिले.

घरी आम्ही पूर्वीसारखेच भांडत होतो, एका ताटात जेवत होतो, पण शाळेच्या फाटकातून आत शिरले की तो मला ओळख दाखवत नसे. एका शिक्षिका चांगल्या हेतूनेच म्हणत, "बहिणीची वही बघ, कशी नीट आहे." त्या वाक्यानंतर तो आठवडाभर माझ्याशी बोलत नसे. मग मी एक युक्ती केली: घटक चाचणीत येत असलेली दोन-तीन उत्तरे मी मुद्दाम चुकवू लागले, म्हणजे त्याचे आणि माझे गुण जवळपास येतील. आईला हे कळले तेव्हा तिने मला रागावण्याऐवजी स्वतःच कपाळाला हात लावला. आम्हा दोघांना शाळेत घालणाऱ्या मोठ्यांनी पाढे, शिकवणी, शुल्क या सगळ्याचा विचार केला होता. एका बाकाच्या अंतरावर बहीण बसणार आहे याचा विचार केला नव्हता.

दुसऱ्या सत्रात वडिलांनी त्याला जवळच्या दुसऱ्या शाळेत घातले. तिथे तो नापास होऊन आलेला मुलगा नव्हता, केवळ नवा मुलगा होता, आणि त्याच्यात पडलेला फरक महिन्याभरात दिसला. ज्यांच्या घरी भावंडांमध्ये एका इयत्तेचेच अंतर आहे त्यांनी निदान वेगळी तुकडी मिळते का हे आधी पाहावे.

मोरपीस

धाकटी पाती, तुम्ही मुद्दाम उत्तरे चुकवलीत हे वाचून काय लिहावे ते मला सुचले नाही. भावाला हे कधी कळले का?

धाकटी पाती

त्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री मी सांगितले. त्याला तेव्हाच कळले होते, असे तो म्हणाला. "पाढे तुला माझ्याहून चांगले येत होते, मी काय आंधळा होतो का," हे त्याचे शब्द.

खडू आणि डस्टर

मी अठरा वर्षे प्राथमिक शाळेत शिकवते आहे आणि अशा बैठकांमध्ये टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते. आधी नियमाविषयी, कारण जुन्या आठवणी आणि आताची स्थिती यांत फरक आहे. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता येत नव्हते. 2019च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या शेवटी परीक्षा आली. त्यात जो नापास होईल त्याला जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यायची, आणि त्यातही तो उत्तीर्ण झाला नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे सरकारने ठरवायचे, अशी ती तरतूद आहे. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. तेव्हा मोरपीस, तुमच्या भावाने बैठकीत पहिला प्रश्न हा विचारावा की त्या दोन महिन्यांत मुलीला नेमके कोणते जादा मार्गदर्शन मिळाले, किती दिवस आणि कोणी दिले. उत्तर गुळमुळीत आले तर ती परीक्षा मुलीचीच होती असे मला म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने वाचली होती, ती माझ्या अनुभवाशी जुळते. अमेरिकेतील शिकागो शहरात 1996 पासून तिसरी, सहावी आणि आठवीत चाचणीच्या गुणांवर मुलांना मागे ठेवायला सुरुवात झाली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा तिसरीतल्या मुलांना दोन वर्षांनंतर काही ठळक फायदा दिसला नाही, सहावीतली मुले उलट आणखी मागे पडली आणि आठवीत मागे ठेवलेल्यांमध्ये शाळा सोडण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. याउलट फ्लोरिडा राज्याने 2002च्या कायद्यानंतर तिसरीत वाचन न येणाऱ्या मुलांना मागे ठेवले, पण त्याबरोबर उन्हाळी वाचनवर्ग, रोज 90 मिनिटे वाचनाचा तास आणि चांगल्या शिक्षकाची नेमणूक हेही दिले. तिथे सुरुवातीची काही वर्षे वाचन सुधारले, मग तो फायदा हळूहळू ओसरत गेला. माझ्या वर्गात पुन्हा बसलेली जी मुले खरोखर सावरली, त्यांच्या बाबतीत दुसऱ्या वर्षी शिकवण्याची पद्धत तरी बदलली होती किंवा घरातले काहीतरी बदलले होते. तेच शिक्षक, तीच पुस्तके, तोच बाक आणि तेच टोमणे असतील, तर त्या वर्षाचे ओझे फक्त मुलाने वाहायचे असते.

पाऊलवाट

शिक्षकांनी लिहिलेले पटले, तरी एक शंका आहे. नियमाने पुढे ढकलले जात असतानाही पालकांनी स्वतःहून मागे ठेवण्याची विनंती केली तर शाळा ऐकते का? माझ्या मेहुण्यांचा धाकटा भाऊ वर्गात वयाने सगळ्यात लहान आहे, जवळजवळ अकरा महिन्यांनी, आणि घरात हाच विचार चालू आहे.

खडू आणि डस्टर

पाऊलवाट, शाळा सहसा लेखी अर्ज मागतात आणि निर्णय प्रत्येक ठिकाणी वेगळा होतो. वय हे कारण मला अभ्यासापेक्षाही रास्त वाटते, विशेषतः पहिली-दुसरीत, कारण सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात अकरा महिने फार मोठे असतात. आठवीत मात्र तेच कारण सांगितले तर मी दोनदा विचार करेन.

चष्मेवाली

माझ्या धाकट्या बहिणीला चौथीत पुन्हा बसवले आणि त्या संपूर्ण वर्षानंतरही तिचे वाचन होते तिथेच राहिले. तोंडी विचारले तर ती सगळे सांगायची. कागदावर मात्र 'ब' आणि 'व' एकमेकांत मिसळायचे आणि ओळ मध्येच सुटायची. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर कोणीतरी आधी डोळे आणि कान तपासा असे सुचवले. दोन्ही ठीक निघाले आणि मग तज्ज्ञांकडे केलेल्या चाचण्यांमधून तिला अध्ययन अक्षमता असल्याचे निदान झाले. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे पुढे तिला परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळाला व ती रीतसर पुढे शिकली. तपासणी आधी झाली असती तर ते एक वर्ष गेले नसते. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि "ती आळशी आहे" असे म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. ते मी तिच्याकडे कबूल केले आहे; इथेही करते.

संथ वाहते

आमच्या घरात हा निर्णय दोन वाक्यांत झाला. काविळीमुळे भाऊ साडेचार महिने शाळेत गेला नव्हता, त्याने स्वतःच वर्ष पुन्हा करतो म्हटले आणि पुढे कोणाला त्याची आठवणही राहिली नाही. आजारपणाला कोणी नावे ठेवत नाही, हाही त्यातला एक भाग असावा.

कोपऱ्यातला बाक

संथ वाहते, "स्वतःच म्हटले" हे शब्द मी दोनदा वाचले.

उनाड मांजर

पण तेरा वर्षांच्या मुलाला विचारले तर तो "मित्रांबरोबर पुढे जातो" असेच म्हणणार ना? दादाला विचारले असते तर त्याने थेट नोकरीच मागितली असती.

कोपऱ्यातला बाक

म्हणेलही. तरी त्याला विचारावे, आणि त्याचे ऐकले नाही तर का ऐकले नाही हे त्याच्यासमोर बसून सांगावे. मला निकाल शेजारच्या काकूंकडून कळला होता.

मोरपीस

सर्वांचे मनापासून आभार. काल भावाला तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले. शिक्षिकाबाईंनी सुचवलेला प्रश्न त्याने लिहून घेतला आहे. धाकटी पाती यांचा भाग ऐकताना तो बराच वेळ गप्प होता.

मग मी त्याला विचारले की तेव्हा आत बोलावले असते तर तू काय म्हणाला असतास. सातवीतच बसतो असेच म्हणालो असतो, असे तो म्हणाला. विज्ञान आपल्याला येत नाही हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याला खुपली होती ती वेगळीच गोष्ट, जी मला आजवर ठाऊक नव्हती. वडिलांच्या आजारपणामुळे पैशांची ओढाताण होती आणि इयत्ता तीच असल्यामुळे आम्ही त्याला नवी पुस्तके घेतली नव्हती. जुन्या पुस्तकांत प्रत्येक धड्याखाली त्याचीच पेन्सिलने लिहिलेली चुकीची उत्तरे होती. ती खोडण्यात त्याचा जून महिना गेला आणि खोडलेली अक्षरेही उजेडात दिसत राहिली.

मुलीला त्याने परवा विचारले. तिने लगेच उत्तर दिले नाही. वर्गशिक्षिका त्याच असतील का, एवढेच तिने विचारले आणि ते त्याला ठाऊक नव्हते. सोमवारी शाळेत भेट आहे, तो तिला बरोबर नेणार आहे. ती पाचवीतच राहिली तर पुस्तके मी आणायची, नवी कोरी, असे आमच्यात ठरले आहे.